बोर खोऱ्यातील पदभ्रमण व शिबिरवास

महाराष्ट्र राज्याच्या वर्धा जिल्ह्यातील बोर नदीच्या संरक्षित वनखोऱ्यात पायी हिंडणे व रात्रीचा मुक्काम करणे, त्यांवरील निर्बंध आणि त्या निर्बंधांमागील कारणे यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. रस्ते व वस्ती मागे टाकून, लागणारे सामान स्वतःच्या पाठीवर घेऊन वनातून चालणे यास पदभ्रमण आणि अशा भ्रमंतीत तंबूत किंवा उघड्यावर रात्र काढणे यास शिबिरवास म्हणतात. मनुष्य चालतो तो पाण्याच्या काठाने आणि मुक्काम करतो तोही पाण्याजवळ. बोरसारख्या कोरड्या प्रदेशातील खोऱ्यात मात्र उन्हाळ्यात पाणी मोजक्याच जागी उरते व ते वन्य प्राण्यांना सोडून जाता येत नाही. माणसाच्या सोयीची जागा व प्राण्यांच्या गरजेची जागा एकच ठरल्यामुळे येथील भ्रमंतीचे सर्व नियम अखेर पाण्याच्या प्रश्नाशी येऊन पोहोचतात.

स्थान व भूरचना : वर्धा जिल्ह्याचा उत्तर भाग सातपुड्याच्या फाट्यांनी व्यापलेला असून दक्षिणेकडे भूमी उतरत जाऊन काळ्या कापसाच्या मातीच्या मैदानास मिळते. या दोहोंच्या सांध्यावर, सेलू तालुक्यातील हिंगणी गावाजवळ बोरचे वनक्षेत्र आहे. त्याचा काही भाग नागपूर जिल्ह्यात मोडतो. नागपूर–वर्धा मार्गावरील सेलू येथून तेथे जाता येते. बोर नदी या वनाचे दोन भाग करीत वाहते व तिचे पाणी पुढे वर्धा नदीस आणि तिच्यामार्फत प्राणहिता व गोदावरी या नद्यांस मिळते. येथील खोरे म्हणजे सह्याद्रीतील उभ्या कड्यांची घळई नव्हे. दख्खन ट्रॅपच्या काळ्या खडकात नाल्यांनी कोरलेल्या अरुंद, वळणदार दऱ्या व त्यांच्यामधील सपाट माथ्यांच्या टेकड्या असे त्याचे स्वरूप आहे. टेकड्यांवर मुरमाड व पातळ मातीचा थर असून दरीच्या तळाशी गाळाची माती साचलेली आढळते. नाल्यांच्या वळणांमुळे समोरचे फार दूरवर दिसत नाही. पायी चालणाऱ्याच्या दृष्टीने हे वैशिष्ट्य महत्त्वाचे आहे.

बोर नदीवर १९६५ मध्ये मातीचे धरण पूर्ण झाले. त्याची उंची सु. ३६ मी. व लांबी सु. १,१५८ मी. आहे. सिंचनासाठी बांधलेल्या या धरणामुळे वनाच्या कुशीत विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला आणि खोऱ्यातील प्राणिजीवनाची घडीच बदलली. पूर्वी नाल्यांतील डोहांवर अवलंबून असणाऱ्या प्राण्यांना बारमाही पाणी मिळाले, तर हिवाळ्यात पाणपक्ष्यांचे थवे जलाशयावर उतरू लागले. धरणाजवळील बोरधरण हे ठिकाण सहलीसाठी प्रसिद्ध झाले ते याच काळात.

हवामान व जलस्थिती : वर्धा जिल्ह्यातील उन्हाळा अतिशय कडक असून मे महिन्यात तापमान ४५° से.च्याही वर जाते. पाऊस मुख्यतः जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पडतो. त्याचे वार्षिक सरासरी प्रमाण सु. १०० ते ११० सेंमी. आहे. ट्रॅप खडकात पाणी फारसे मुरत नसल्यामुळे पावसाळ्यात नाले अल्पावधीत दुथडी भरून वाहतात व पाऊस ओसरताच तितक्याच वेगाने उतरतात. नोव्हेंबरपर्यंत प्रवाह वाहता असतो. जानेवारीनंतर तो तुटतो व ठिकठिकाणी डोह उरतात. एप्रिल–मेमध्ये बहुतेक डोहही आटतात. त्या वेळी वाळूत हातभर खोल खणले असता झिऱ्याचे पाणी लागते. रानडुकरे व अस्वले अशा ओलसर जागा उकरताना आढळतात. जलाशय, काही बारमाही झिरे व वनविभागाने बांधलेले कृत्रिम पाणवठे एवढाच उन्हाळ्यातील आधार होय. म्हणजे नकाशावर संपूर्ण खोरे प्राण्यांचे दिसत असले, तरी वर्षातील तीन महिने प्रत्यक्षात त्यांचा सर्व व्यवहार थोड्याशा ओल्या जागांभोवती चालतो.

वनश्री व प्राणी : येथील वन दक्षिणेकडील उष्ण कटिबंधीय शुष्क पानझडी प्रकारचे आहे. त्यात साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, पळस, सालई, चारोळी, बेहडा इ. वृक्ष व बांबूची बेटे आढळतात. नाल्यांच्या काठी अर्जुन, उंबर, जांभूळ व करंज हे वृक्ष असून टेकड्या उघड्याबोडक्या झाल्यावरही दरीतील ही हिरवी पट्टी टिकून राहते. मांसाहारी प्राण्यांपैकी वाघ, बिबट्या, रानकुत्रा व तृणभक्षकांपैकी चितळ, सांबर, भेकर, चौसिंगा आणि विदर्भात रोही या नावाने ओळखली जाणारी नीलगाय हे प्रमुख होत. अस्वले, रानडुकरे, वानरे व मोर यांचेही येथे वास्तव्य आहे. मोहाची फुले गळण्याच्या काळात अस्वले त्या झाडांखाली हमखास येतात. दुपारच्या उन्हात वाघ दरीतील सावलीत किंवा पाण्यात बसून राहतो. यामुळे पायी चालणाऱ्यास जी वाट सर्वांत सुखद वाटते, तीच त्याच्या विश्रांतीची जागा असण्याचा संभव मोठा असतो.

पूर्वेतिहास : ब्रिटिश अमदानीत वर्धा जिल्हा मध्य प्रांतात होता. राखीव वनांत शिकारीसाठी ठरावीक विभाग पाडून परवाने दिले जात. वनाधिकारी हिवाळ्याचे महिने तंबूत राहून दौरा करीत. बैलगाडीवरून तंबू पुढे जाई व साहेब घोड्यावरून किंवा पायी मागून येई. जेम्स फॉर्सिथ याने १८७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मध्य भारतातील अशा भ्रमंतीचे तपशीलवार वर्णन आहे. या शिबिरांचा हेतू शिकार, वनमोजणी वा महसूल हा असे. केवळ पाहण्यासाठी व शिकण्यासाठी वनात जाणे ही कल्पना पुढील काळातील होय. स्काउट चळवळीमुळे (पहिले शिबिर १९०७, ब्राउनसी बेट, इंग्लंड) शिबिरवासाला शिक्षणाचे रूप आले व भारतातील शाळांत ती प्रथा रुजली. मराठीत वनभ्रमंतीची गोडी लावण्याचे मोठे श्रेय विदर्भातील वनांत दीर्घकाळ काम केलेले वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांना जाते. चालण्याची अन्य एक परंपराही या जिल्ह्याशी निगडित आहे. १९५१ मध्ये विनोबा भावे वर्धा जिल्ह्यातून पायी तेलंगणाकडे निघाले व त्या यात्रेतच भूदान चळवळीचा उगम झाला. तथापि पदयात्रा गावाकडून गावाकडे जाते, वनपदभ्रमण गावापासून दूर जाते. त्यामुळे दोहोंची शिस्त भिन्न आहे.

संरक्षणाचे टप्पे व कायदा : बोर अभयारण्य १९७० मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ ६१.१० चौ. किमी. होते. पुढे लगतची वने नवीन बोर व नवीन बोर विस्तारित या नावांनी त्यास जोडण्यात आली. २०१४ मध्ये १३८.१२ चौ. किमी. क्षेत्राचा बोर व्याघ्र प्रकल्प निर्माण झाला. तो देशातील ४७ वा आणि सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक होय. गाभ्याभोवती ६७८.१५ चौ. किमी.चे बफर क्षेत्र आखण्यात आले असून त्यात गावे, शेती व वने एकमेकांत मिसळलेली आहेत.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्याच्या कलम २७ अन्वये अभयारण्यात प्रवेशावर निर्बंध आहेत. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन व तेथील रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार या कारणांसाठी कलम २८ प्रमाणे परवाना देता येतो. अभयारण्यास धोका पोहोचेल अशा रीतीने विस्तव पेटविणे वा पेटता सोडून जाणे कलम ३० अन्वये आणि लेखी परवानगीवाचून शस्त्र घेऊन जाणे कलम ३१ अन्वये निषिद्ध आहे. २००६ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले व गाभा क्षेत्र शक्य तो मानवी वावरापासून मुक्त ठेवण्याचे तत्त्व कायद्यात आले. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटनास तात्पुरती बंदी केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत झाल्यावर ती उठविण्यात आली. त्या तत्त्वांनुसार गाभा क्षेत्राचा जास्तीत जास्त २० टक्के भाग नियंत्रित पर्यटनासाठी वापरता येतो. बोर येथे पर्यटकांस नोंदणीकृत वाहनातून मार्गदर्शकासह ठरावीक रस्त्यांनीच नेले जाते. गाभ्यात पायी पर्यटनास अथवा तंबू ठोकून राहण्यास मुभा नाही आणि पावसाळ्यात प्रवेश बंद असतो.

निर्बंधांमागील कारणे : वाहनातून जाणाऱ्यास मुभा व पायी जाणाऱ्यास मनाई, हा न्याय प्रथमदर्शनी उलटा वाटतो. पायी जाणारा धूर सोडीत नाही, आवाज करीत नाही व रस्ताही मागत नाही. परंतु प्राण्यांच्या दृष्टीने चित्र वेगळे असते. ठरावीक रस्त्यावरून, ठरावीक वेळी येणारे व कधीही रस्ता न सोडणारे वाहन त्यांच्या परिचयाचे होते. त्यातील माणसे त्यांना सुटी अशी जाणवत नाहीत. याउलट दोन पायांवर चालत आलेल्या मनुष्याला वन्य प्राणी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवामुळे भितो. तो दिसताच चितळे पाणी सोडून पळतात, वाघ उठून जातो व काही तासांनी परततो. हिवाळ्यात या व्यत्ययाची भरपाई होऊ शकते, कारण प्राण्याला दुसरा डोह जवळच सापडतो. मे महिन्यात तो सापडत नाही. एखाद्या पाणवठ्यापाशी माणसांनी सायंकाळपासून पहाटेपर्यंत मुक्काम केला, तर तेवढ्या रात्रीपुरता तो पाणवठा प्राण्यांना आटल्यासारखाच असतो.

दुसरे कारण माणसाच्या सुरक्षिततेचे आहे. वाघ सहसा माणसास टाळतो. मात्र पिले असलेली वाघीण, भक्ष्यावर बसलेला वाघ किंवा झोपेतून दचकून उठलेले अस्वल यांच्या अगदी जवळ नकळत पोहोचणे धोक्याचे ठरते. अरुंद, वळणाच्या नाल्यात दृष्टी पुरत नाही आणि वाहत्या पाण्याच्या आवाजात पावलांचा आवाज बुडतो. त्यामुळे ज्या आगाऊ सूचनेने प्राणी बाजूला झाला असता, ती त्यास मिळत नाही. बसलेल्या किंवा वाकलेल्या माणसास धोका अधिक असतो, असे वनाधिकाऱ्यांचे निरीक्षण आहे. त्या स्थितीत त्याची आकृती चतुष्पाद प्राण्यासारखी भासते, हे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

खोऱ्यातील नित्याचा पायी वावर : वनात पायी जाण्याची मनाई पर्यटकासाठी असली, तरी खोऱ्याभोवती पायी जाणारे लोक पुष्कळ आहेत. मार्च–एप्रिलमध्ये बफर क्षेत्रातील गावांतील स्त्रीपुरुष पहाटेच्या अंधारात मोहफुले वेचण्यास निघतात, कारण फुले रात्री व पहाटे गळतात आणि उशीर झाल्यास गुरे, हरणे व अस्वले ती खाऊन टाकतात. मे महिन्यात तेंदूपानांची तोडणी होते. ती ऐन उन्हात, वाकून व झुडपांतून करावी लागते. ही दोन्ही कामे हंगामी असली, तरी अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांच्या मिळकतीत त्यांचा वाटा मोठा असतो. हौशी प्रवाशास दिला जाणारा ‘पहाटे व संध्याकाळी चालू नये, वाकू नये, एकटे जाऊ नये’ हा उपदेश या लोकांस पाळता येत नाही. विदर्भात वाघाच्या हल्ल्यात बळी पडणाऱ्यांमध्ये असे वेचणारे व गुराखी अधिक असतात.

शेतकऱ्याची जागल हा शिबिरवासाचाच एक प्रकार म्हणावा लागेल. रोही व रानडुकरे यांपासून तूर, हरभरा, सोयाबीन, कापूस ही पिके वाचविण्यासाठी तो शेतातील माळ्यावर किंवा मचाणावर रात्र काढतो, डबा वाजवितो, शेकोटी पेटवितो. या जागलीस कंटाळून काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत बेकायदेशीरपणे वीजप्रवाह सोडला जातो. त्याचा परिणाम पुढे दिला आहे.

तिसरा वर्ग वनरक्षक व वनमजूर यांचा होय. गस्त, जाळरेषा साफ करणे, पाणवठे भरणे व प्राण्यांच्या खुणांची नोंद ही सर्व कामे पायीच होतात. दर चार वर्षांनी होणाऱ्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत (२००६ पासून) वनरक्षक नेमून दिलेल्या वाटांवर चालून ठसे, विष्ठा, नखांचे ओरखडे इत्यादींची नोंद करतात आणि त्यानंतर स्वयंचलित कॅमेरे लावले जातात. नोव्हेंबर २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात अशाच नोंदीसाठी पायी निघालेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू पावली. वनाची नित्य ओळख असलेल्या, सोबत मदतनीस असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत हे घडले, ही बाब पायी भ्रमंतीचा विचार करताना लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मचाणावरील रात्र : सर्वसाधारण नागरिकास संरक्षित वनात रात्र काढण्याची संधी वैशाखी पौर्णिमेस मिळते. पूर्वी या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणांवर बसून प्राण्यांची शिरगणती केली जाई. कडक उन्हाळा, मोजके पाणी व पूर्ण चंद्रप्रकाश या तिन्ही गोष्टी त्या रात्री एकत्र येतात. एकच प्राणी दोनदा मोजला जाण्याचा दोष या पद्धतीत असल्याने शास्त्रीय गणनेसाठी कॅमेऱ्यांचा व रेषापद्धतीचा अवलंब झाला. तथापि निसर्गानुभव म्हणून हा उपक्रम वनविभागाने चालू ठेवला असून बोर येथेही तो होतो. सहभागी व्यक्तीस दिवस मावळण्यापूर्वी मचाणावर पोहोचवून सकाळी उतरविले जाते. रात्री खाली उतरणे, विजेरी वापरणे, मोठ्याने बोलणे व उग्र वासाचे अन्न नेणे यांस मनाई असते. पाणवठ्याजवळ राहूनही तो प्राण्यांस मोकळा ठेवणे, हे या रात्रीच्या शिस्तीचे सार होय. माणूस जमिनीवरून झाडावर गेला, स्थिर व शांत राहिला, की पाण्यावरील त्याचा ताबा सुटतो व प्राणी निर्धास्तपणे येतात.

पदभ्रमणाची तयारी व शिस्त : बफर क्षेत्रातील व जिल्ह्यातील इतर वनांत वनविभागाची परवानगी व स्थानिक वाटाड्या घेऊन पदभ्रमण करावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. चार ते सहा जणांचा गट सोयीचा असतो. त्याहून मोठ्या गटात शांतता राहत नाही व एकट्यादुकट्याने जाणे असुरक्षित असते. सूर्योदयानंतर निघून सूर्यास्तापूर्वी पुरेसा वेळ राखून परतावे. कपडे मातकट रंगाचे असावेत. पायांत घोट्यापर्यंत येणारे जाड तळव्यांचे बूट असावेत. दर माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी सोबत घ्यावे. डोहातील पाण्यावर विसंबू नये आणि वापरावेच लागल्यास गाळून, उकळून घ्यावे.

वनात कानांचा उपयोग डोळ्यांहून अधिक होतो. चितळाची तीक्ष्ण शीळ, सांबराची घोगरी हाक, भेकराचे भुंकणे व झाडावरील वानराचे खाकरणे ही हिंस्र प्राणी जवळ असल्याची लक्षणे होत. अशा हाका एकाच दिशेने वारंवार येऊ लागल्यास थांबावे व आल्या वाटेने परत फिरावे. नाल्याच्या वळणावर पोहोचण्याआधी हलक्या आवाजात बोलत जाणे इष्ट असते, त्यामुळे प्राण्यास बाजूला होण्यास अवधी मिळतो. वाघ समोर आल्यास पळू नये, पाठ फिरवू नये व खाली बसू नये. त्याच्याकडे तोंड ठेवून गटाने सावकाश मागे सरकावे. अस्वलाबाबतही पळणे घातकच ठरते.

शिबिराची जागा : नाल्याच्या पात्रात किंवा त्याच्या वाळूवर कधीही मुक्काम करू नये. याची कारणे दोन आहेत. वरच्या टेकड्यांवर पाऊस झाल्यास, खाली आकाश निरभ्र असतानाही नाल्यास अकस्मात पूर येऊ शकतो. पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यावर पालापाचोळा व फेस येणे आणि वरच्या अंगास घरघर ऐकू येणे ही त्याची लक्षणे होत. दुसरे असे, की पात्र हाच प्राण्यांचा रात्रीचा मार्ग असतो. म्हणून पाण्यापासून दूर, उंचवट्यावर, मोकळ्या दृष्टीची जागा निवडावी व लागणारे पाणी दिवसाउजेडी आणून ठेवावे. मोहाच्या व फळांनी लगडलेल्या उंबराच्या झाडाखाली झोपू नये. मण्यार हा विषारी साप रात्री हिंडतो व जमिनीवर झोपलेल्या माणसास दंश करतो. त्याचा दंश बहुधा दुखत नसल्याने लवकर कळतही नाही. यासाठी पूर्ण बंद होणारा तंबू किंवा खाट वापरावी व पादत्राणे झटकून घालावीत. सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

विस्तवाबाबत विशेष दक्षता आवश्यक आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत सागाच्या वाळक्या पानांचा थर जमिनीवर साचलेला असतो व एका ठिणगीने टेकडीच्या टेकडी पेटते. शेकोटीने वन्य प्राणी दूर राहतात हा समज सर्वस्वी खरा नाही, पण तिच्यामुळे वणवा लागतो हे मात्र वारंवार अनुभवास आले आहे. शिजविण्याऐवजी तयार अन्न नेणे उत्तम. उरलेले अन्न, कागद, प्लॅस्टिक परत आणावे. साबण अथवा भांड्यांचे खरकटे डोहात जाऊ देऊ नये. उन्हाळ्यातील तेवढ्याशा पाण्यात ते विरत नाही.

इतरत्र : पाण्याच्या खोऱ्यातील भ्रमंतीचे नियमन निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या प्रकारे होते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या वाळवंटी प्रदेशात अरावैपा नावाची बारमाही ओढ्याची घळई आहे. १९८४ मध्ये तीस संरक्षण मिळाले. तेथे पायी जाण्यास व तंबूत राहण्यास परवानगी आहे. मात्र दिवसाला ५० माणसांनाच प्रवेश व दोन रात्रींचाच मुक्काम अशी मर्यादा आहे. तेथे वाघासारखा प्राणी नसल्याने संख्येवर नियंत्रण पुरेसे ठरते. महाराष्ट्रात अकोले तालुक्यातील सांदण दरी ही कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातील (१९८६) अरुंद घळई गिर्यारोहकांत प्रसिद्ध आहे. तेथील मुख्य धोका पुराचा असून पावसाळ्यात ती टाळावी लागते. मध्य प्रदेशातील पचमढीजवळची नागद्वारची यात्रा हे निराळेच उदाहरण होय. नागपंचमीच्या सुमारास, सातपुडा व्याघ्र प्रकल्पातील एरव्ही बंद असणाऱ्या दऱ्याखोऱ्यांतून विदर्भातील असंख्य भाविक भर पावसात चालत जातात व ठिकठिकाणी मंडळे त्यांच्या भोजनाची व विश्रांतीची सोय करतात. ती यात्रा वर्षातून थोड्या दिवसांची व पाण्याच्या सुकाळाची असल्यामुळेच वनाला सोसता येते. हीच गर्दी वैशाखात झाली असती, तर प्राण्यांस पाण्यापर्यंत पोहोचणे कठीण झाले असते.

सद्यःस्थिती : बोरचे क्षेत्र लहान असले, तरी त्याचे स्थान मोक्याचे आहे. ईशान्येस पेंच, पूर्वेस नवेगाव-नागझिरा व उमरेड-कऱ्हांडला, आग्नेयीस ताडोबा आणि वायव्येस मेळघाट अशा वाघांच्या वनांच्या मध्यभागी ते येते. येथे वाढलेल्या वाघास स्वतःचा मुलूख शोधण्यासाठी शेते, गावे व महामार्ग ओलांडून जावे लागते. २०१७ या वर्षातील दोन घटना या परिस्थितीवर प्रकाश टाकतात. त्या वर्षी चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी भागात पकडलेली एक वाघीण जुलैमध्ये बोर येथे सोडण्यात आली. ती तेथे स्थिरावली नाही. वर्धा व लगतच्या प्रदेशात तिने लांबवर भ्रमंती केली, माणसांवर हल्ले केले व ऑक्टोबरमध्ये कारंजा (घाडगे) तालुक्यात शेताच्या विजेच्या तारेला चिकटून ती मेली. डिसेंबरमध्ये बोरमधील ‘बाजीराव’ या नावाने ओळखला जाणारा वाघ नागपूर–अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेने मरण पावला. दोन्ही मृत्यू वनाच्या सीमेबाहेर व चालण्याच्या वाटेवर झाले.

यावरून बोर खोऱ्यातील पदभ्रमणाचा प्रश्न केवळ पर्यटकाच्या सोयीचा राहत नाही. त्याच वाटांवर मोह वेचणारी स्त्री, जागल करणारा शेतकरी, गस्तीवरील वनरक्षक व मुलूख शोधणारा वाघ हे सर्व चालत असतात आणि त्यांपैकी कोणासही न चालण्याची मुभा नाही. हौसेने चालणाऱ्यास मात्र ती आहे. तो ऋतू निवडू शकतो, जागा बदलू शकतो व पाण्यापासून दूर राहू शकतो. येथील निर्बंध मुख्यतः त्याच्यावर आहेत ते या कारणाने. ते पाळूनही वनाचा परिचय होऊ शकतो. हिवाळ्यात बफर क्षेत्रातील वाटांवर, जलाशयाच्या काठी पक्षिनिरीक्षणात किंवा वैशाखातील एका रात्री मचाणावर बसून खोऱ्याचे जेवढे दर्शन घडते, तेवढे अभ्यासू व्यक्तीस पुरेसे असते.